मतपत्रिकेवरचं चित्र

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, आणि आज मला बोलायचं आहे ते चित्रांविषयीच. पण ही चित्रं अशी आहेत की नुसतं नाव घेतलं तरी डोळ्यांसमोर उभी राहतात. बैलजोडी. गाय-वासरू. नांगरधारी शेतकरी. हात. कमळ. धनुष्यबाण. घड्याळ. विळा-कणीस. हत्ती. रेल्वे इंजिन. कपबशी. शिट्टी. एखाद्या प्रदर्शनात पाहिलेली चित्रं आपण आठ दिवसांत विसरतो. ही मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असतात. ती भिंतींवर रंगवली जातात, फलकांवर झळकतात, घोषणांमध्ये यमक होऊन बसतात आणि शेवटी मतपत्रिकेवर एका लहानशा चौकटीत, काळ्या शाईत, गुपचूप येऊन थांबतात.

त्या चौकटीत कोणतं चित्र यावं, कोणतं येऊ नये, ते कोणाला मिळावं, कसं छापावं, आणि त्यावरून भांडण झालं तर काय करावं, या सगळ्याचे नियम आहेत. उमेदवार आणि त्यांचे वकील सोडले तर हे नियम सहसा कोणी वाचत नाही. पण त्यांच्यावर एखादा निकाल फिरू शकतो. म्हणून ते सोप्या भाषेत सांगावेत, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

मी कविता लिहितो. कवितेत ज्याला आपण प्रतिमा म्हणतो, तीही एक चित्रच असते. कवितेत चंद्र आला तर एकाला ईद आठवते, दुसऱ्याला कोजागिरी, तिसऱ्याला दूरदेशी गेलेलं आपलं माणूस. जितके अर्थ निघतील तितकी कविता श्रीमंत. मतपत्रिकेवरच्या चित्राचं नेमकं उलटं असतं. त्याला एकच अर्थ हवा. पाहणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ आला, की मत भलतीकडे गेलंच म्हणून समजा. निवडणूक चिन्हांचे सगळे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

सुरुवात पहिल्या निवडणुकीपासून करू. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार होते १७ कोटी ३२ लाख. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातलं साक्षरतेचं प्रमाण होतं अवघं १८ टक्के. म्हणजे बहुतेक मतदारांना उमेदवाराचं नावच वाचता येणार नव्हतं. त्या काळी जगातल्या अनेक शहाण्यांना वाटत होतं की हा प्रयोग फसणार. अक्षरशत्रू माणसाला मत कशाला द्यायचं, असं आपल्याकडचेही काही शिकलेले लोक बोलत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी या शंकेला वाद घालून उत्तर दिलं नाही. त्यांनी चित्रांनी उत्तर दिलं.

तेव्हाची पद्धत आज ऐकली तर गंमत वाटेल. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नव्हतीच. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी मतपेटी असायची आणि त्या पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असायचं. मतदाराने आडोशाला जायचं, आपल्याला हव्या त्या चित्राची पेटी शोधायची आणि हातातला कागद तिच्यात टाकायचा. ना शिक्का, ना फुली. या पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या.

चित्रं निवडताना आयोगाने दोन पथ्यं पाळली. एक, वस्तू खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या ओळखीची हवी. दोन, तिच्याशी धर्म किंवा भावना जोडलेली नको. गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा अशी चित्रं म्हणूनच बाजूला ठेवली गेली. नांगर एकाहून अधिक पक्षांना हवा होता, तेव्हा तो कोणालाच दिला नाही. काँग्रेसला जू खांद्यावर घेतलेली बैलजोडी मिळाली, समाजवादी पक्षाला झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, जनसंघाला दिवा, कम्युनिस्टांना विळा-कणीस. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. आणि हात? तो तेव्हा काँग्रेसचा नव्हता. नागपूरचे कामगार पुढारी रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचं ते चिन्ह होतं. चित्रं तीच राहतात, त्यांच्यामागची माणसं बदलतात, हे इथूनच सुरू झालं.

पेट्यांची पद्धत फार काळ टिकली नाही. दहा उमेदवार असले तर दहा पेट्या. कोणी मतपत्रिका पेटीत न टाकता वर ठेवून जायचा, कोणी ती खिशात घालून बाहेर आणायचा आणि ती विकलीही जायची. १९६२ च्या निवडणुकीपासून आपल्या ओळखीची मतपत्रिका आली. एकाच कागदावर सगळ्यांची नावं, प्रत्येक नावासमोर चित्र, आणि हव्या त्या चित्रावर रबरी शिक्का. ताई, माई आणि अक्का यांना पक्का विचार करून शिक्का मारायला सांगणाऱ्या घोषणा याच पद्धतीतून जन्मल्या. त्या शिक्क्याची नक्षीही विचारपूर्वक केलेली असते. चार टोकांना बाणासारखे फाटे असलेली ती फुली एकाच दिशेने वळलेली असते. कागदाची घडी घातल्यावर ओली शाई दुसऱ्या चित्रावर उमटली, तर तो ठसा उलट्या दिशेचा दिसतो. खरा शिक्का कोणता आणि उमटलेला कोणता, हे मोजणाऱ्याला कळतं.

आता आजचे नियम पाहू. पाया आहे तो १९६८ च्या निवडणूक चिन्हे (राखून ठेवणे व वाटप) आदेशाचा. चिन्हांचे दोन प्रकार आहेत. राखीव आणि मुक्त. ठरावीक प्रमाणात मतं किंवा जागा मिळवलेल्या पक्षाला राष्ट्रीय किंवा राज्यस्तरीय पक्ष म्हणून मान्यता मिळते आणि त्याचं चिन्ह त्याच्यासाठी राखीव होतं. राष्ट्रीय पक्षाचं देशभर, राज्यस्तरीय पक्षाचं त्या राज्यात. म्हणूनच एकच चित्र दोन राज्यांत दोन पक्षांचं असू शकतं. धनुष्यबाण महाराष्ट्रात शिवसेनेचा, तर झारखंडमध्ये झारखंड मुक्ती मोर्चाचा. सायकल उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाची, आंध्रात तेलुगू देसमची. हत्ती बहुजन समाज पक्षाचा, पण आसामात तो आसाम गण परिषदेचा. सरहद्द ओलांडली की चित्राचा अर्थ बदलतो. मात्र एका मतदारसंघात एका चित्राचा एकच धनी, यात तडजोड नाही.

पक्षाचा उमेदवार म्हणून राखीव चिन्ह हवं असेल तर दोन कागद लागतात. ‘अ’ आणि ‘ब’ नमुना. निवडणुकीच्या हंगामात वर्तमानपत्रं भरून वाहणारा तो ‘एबी फॉर्म’ हाच. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे आणि त्यावर अधिकृत पदाधिकाऱ्याची शाईची सही पाहिजे. सहीचा रबरी छाप चालत नाही. तीन वाजून गेले की माणूस कितीही मोठा असो, त्याला पक्षाचं चित्र मिळत नाही. शेवटच्या तासात तहसील कचेरीच्या आवारात जी धावपळ दिसते, ती या कागदासाठी असते.

अपक्षांचं निराळं. त्यांनी मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने तीन चिन्हं मागायची. दोघांनी एकच मागितलं तर नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला आधी मान. सगळेच अपक्ष असतील तर त्यांच्यातल्या मावळत्या आमदार-खासदाराला. तेही नसेल तर चिठ्ठ्या टाकायच्या. ही यादी वाचणं हा एक छंद होऊ शकतो. शिलाई यंत्र, कपाट, कंगवा, नेलकटर, ढोबळी मिरची, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, सीसीटीव्ही कॅमेरा. आपल्या घरांतून कधीच हद्दपार झालेले टाइपरायटर आणि ग्रामोफोनही निवडणुकीपुरते जिवंत होतात. यातली कितीतरी चित्रं आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढलेली आहेत. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. कोट्यवधी लोकांनी ज्यांची चित्रं पाहिली आणि ज्यांचं नाव मात्र कोणाला ठाऊक नाही, असा दुसरा चित्रकार सापडणं कठीण.

या यादीलाही एकदा घाम फुटला होता. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात १०३३ उमेदवार उभे राहिले. तेवढी चित्रं आणायची कुठून? मतपत्रिका म्हणजे एक पुस्तिकाच झाली. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत रक्कम वाढवण्यात आली. विधानसभेला अडीचशेची पाच हजार आणि लोकसभेला पाचशेची दहा हजार.

आता प्रत्यक्ष मतपत्रिका समोर धरू. आज ती मतदान यंत्रावर लावलेली असते, एका यंत्रावर सोळा ओळी. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, नाव, फोटो आणि चिन्ह. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापलेलं नसतं. जो काही पक्ष आहे, तो त्या चित्रात आहे. चित्र गेलं की मतदाराच्या दृष्टीने पक्षच गेला. चिन्हासाठी पक्ष सर्वोच्च न्यायालयापर्यंत का भांडतात, याचं उत्तर या एका रिकाम्या जागेत आहे.

क्रमही उमेदवाराच्या वजनावर ठरत नाही. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष. प्रत्येक गटात राज्याच्या भाषेच्या वर्णानुक्रमाने. शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा. हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये आला. तेव्हा त्याला नुसती अक्षरं होती, चित्र नव्हतं. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला नकार देण्याचीही सोय नव्हती. २०१५ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने काळी फुली मारलेल्या मतपत्रिकेचं चिन्ह तयार केलं आणि नकारालाही चेहरा मिळाला. त्याच वर्षी, १ मे २०१५ पासून, उमेदवाराचा फोटो आला, कारण सारख्या नावाचे उमेदवार उभे करून मतं खाण्याची युक्ती फार जुनी होती. २०२५ च्या बिहार निवडणुकीपासून फोटो रंगीत झाले. चिन्ह मात्र काळं-पांढरंच.

आता या नियमांचा माझ्याशी असलेला संबंध सांगतो. माझी अम्मी उर्दू वाचायची. कुराण शरीफ अरबीत वाचायची. वयाने मोठ्या बायका तिच्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या. पण मराठी लिपी तिला येत नव्हती. घरात जी विद्वान, ती मतदान केंद्राच्या दारात अडाणी ठरायची. निवडणूक आली की मी शाळेत शिकलेलं मराठी तिच्यापुढे मिरवायचो, उमेदवारांची नावं वाचून दाखवायचो. ती म्हणायची, ‘‘नाम रहने दे, तसवीर कौनसी है वो बोल.’’ मतदान करून आल्यावर कोणाला मत दिलं, हे तिने कधी अब्बांनाही सांगितलं नाही. हे तिला जमलं ते चित्रामुळे. अक्षर लागलं असतं तर तिला कोणाला तरी सोबत घ्यावं लागलं असतं. आणि सोबत घेतलेला माणूस घरातला असला, तरी मत मग एकट्याचं राहत नाही. सोलापुरातला तेलुगू बोलणारा विणकर, सीमेवरचा कानडी शेतकरी, परराज्यातून येऊन इथे मतदार झालेला मजूर, या सगळ्यांची गोष्ट अशीच. निरक्षर आणि परक्या लिपीतला साक्षर, दोघांनाही ते चित्र सारखंच वाचता येतं.

जिथे चित्र अपुरं पडतं तिथे नियमाने दुसरी वाट काढली आहे. अंध मतदाराला चित्र दिसत नाही, म्हणून यंत्रावर बटणाशेजारी ब्रेल लिपीत अनुक्रमांक असतो. आत जाण्यापूर्वी ब्रेल लिपीतली नमुना मतपत्रिका हाताने वाचायची, क्रमांक लक्षात ठेवायचा आणि बटण दाबायचं. तेही स्वतःच, कोणाला न सांगता.

धर्माचा प्रश्न नाजूक आहे, पण तो टाळून चिन्हांविषयी बोलता येणार नाही. नवं चिन्ह सुचवणाऱ्या पक्षाला आयोगाच्या तीन अटी पाळाव्या लागतात. ते आधीच्या चिन्हासारखं दिसू नये, त्याला धार्मिक किंवा जातीय अर्थ नसावा, आणि त्यात पशुपक्षी नसावा. मला या नियमाची एक गंमत नेहमी वाटते. इंडियन युनियन मुस्लिम लीगचं चिन्ह काय? शिडी. अकाली दलाचं? तराजू. हिंदू महासभेचं १९५२ मध्ये काय होतं? घोडेस्वार. पक्षाच्या नावात धर्म असेल, पण मतपत्रिकेच्या चौकटीत शिरताना तो दाराबाहेर काढून ठेवावा लागतो. आत येते ती शिडी, जी कोणत्याही घराच्या माळ्याला लागते, आणि तराजू, जो कोणत्याही बाजारात असतो.

अर्थात माणसाचं मन नियमाइतकं सरळ नसतं. १९५७ च्या निवडणुकीत त्या वेळच्या बिहारमध्ये झारखंड पक्षाचं चिन्ह कोंबडा होतं. चिन्ह आयोगानेच दिलेलं. पण प्रचाराच्या पत्रकात त्या कोंबड्याचा संबंध आदिवासींच्या पूजाविधीशी जोडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि बहुमताने निकाल लागला की हे धर्माच्या नावाने मत मागणंच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा असं म्हणतो की आयोगाने दिलेलं चिन्ह हे धार्मिक चिन्ह मानता येणार नाही. म्हणजे वस्तूला दोष नाही. तिच्या तोंडी जे शब्द घातले जातात, त्यांना आहे. आणि इतिहासाचा खेळ असा, की १९५१ मध्ये भावनेची म्हणून बाजूला ठेवलेली गाय आणि चरखा वीस वर्षांनी मतपत्रिकेवर आलेच. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, बैलजोडीवर दोघांनी हक्क सांगितला, ती गोठवली गेली आणि १९७१ च्या निवडणुकीत एका गटाला गाय-वासरू, दुसऱ्याला चरखा चालवणारी स्त्री मिळाली.

प्राणी का नकोत, याचं कारण जास्त सरळ आहे. चिन्ह कोंबडा असेल तर सभेत जिवंत कोंबडा पाय बांधून नाचवणार, कबुतर असेल तर पिंजऱ्यातून कबुतरं आणणार. मुक्या जिवांचे हाल होऊ लागले, तशी तक्रार झाली आणि १९९१ पासून नव्याने पशुपक्षी देणं बंद झालं. ज्यांच्याकडे आधीपासून हत्ती किंवा सिंह होते, त्यांच्याकडे ते राहिले.

आणखी एक नियम मतदान केंद्राच्या आसपासचा. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला मनाई आहे. खिशावर चिन्हाचा बिल्ला लावून आत जाता येत नाही. २०१२ च्या उत्तर प्रदेश निवडणुकीत तर लखनौ आणि नोएडातल्या उद्यानांतले दगडी हत्ती आयोगाच्या आदेशाने कापडात गुंडाळले गेले होते. झाकलेला हत्ती अधिकच डोळ्यांत भरतो, हा भाग वेगळा. शेवटी रस्त्यावरची प्रत्येक सायकल झाकता येत नाही आणि मतदाराला हात घरी ठेवून यायला सांगता येत नाही. नियमालाही कुठेतरी थांबावं लागतं.

आता वादाकडे येऊ. पक्ष फुटला तर चिन्ह कोणाचं, हे १९६८ च्या आदेशाच्या १५ व्या परिच्छेदानुसार आयोग ठरवतो. बैलजोडीच्या वादात १९७१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सादिक अली खटल्यात आयोगाचा अधिकार मान्य केला आणि बहुमत कोणाकडे, ही कसोटी योग्य ठरवली. त्याच निकालात न्यायालयाने एक फार मोलाची गोष्ट सांगितली. चिन्ह ही वाटणी करून घेण्याची मालमत्ता नाही. लाखो निरक्षर मतदारांना आपला हक्क नीट बजावता यावा, यासाठी पक्षाशी जोडलेली ती खूण आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चिन्ह आहे ते मतदारासाठी. पक्ष केवळ ते वापरतो.

महाराष्ट्राने हा वाद अलीकडे दोनदा पाहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठवला गेला. एका गटाला मशाल मिळाली, दुसऱ्याला ढाल-तलवार. त्या वेळी मागितलेले त्रिशूळ आणि गदा हे पर्याय धार्मिक अर्थामुळे, तर उगवता सूर्य द्रमुकचा असल्यामुळे नाकारले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. वर्षभराने, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेलं आणि शरद पवार यांच्या पक्षाला नवं चिन्ह मिळालं, ‘तुतारी वाजवणारा माणूस’.

इथून पुढे जे घडलं, त्यासाठीच मी हे सगळं सांगत आलो. मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट नावाचं एक वाद्य होतं. मराठी यादीत त्याचं भाषांतर केलं होतं ‘तुतारी’. लोक त्याला पिपाणी म्हणू लागले. म्हणजे एका यंत्रावर दोन वाद्यं, आणि दोघांचं नाव एकच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचा उमेदवार सुमारे ३३ हजार मतांनी हरला आणि पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजार मतं मिळाली. दिंडोरीत त्या पक्षाचा उमेदवार निवडून आला, पण त्याच आडनावाच्या, पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मतं पडली. ही सगळी मतं चुकून गेली, असं कोणी सिद्ध केलेलं नाही आणि ते सिद्ध करताही येणार नाही, कारण मत गुप्त असतं. पण शंका राहते, आणि ती वाजवी आहे. हे केवळ आपल्याकडेच घडलं असंही नाही. २०१९ मध्ये तेलंगणात भोंगीर मतदारसंघात मोटार चिन्हाचा उमेदवार पाच हजारांच्या थोड्या वर मतांनी हरला आणि रोडरोलर चिन्हाच्या अपक्षाला जवळपास २८ हजार मतं मिळाली होती. चार चाकांची गाडी आणि रोडरोलर, दोन्ही अंगठ्याएवढ्या काळ्या चित्रात फार वेगळे दिसत नाहीत.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी शरद पवारांच्या पक्षाने पिपाणी काढून टाका अशी मागणी केली. आयोगाने ती मान्य केली नाही. पण त्यांचं चिन्ह यंत्रावर बारीक दिसतं, ही तक्रार ऐकून ते अधिक ठळक छापायला संमती दिली. कोणता पक्ष बरोबर, कोणता चूक, हा माझा विषय नाही. उद्या हेच दुसऱ्या कोणाच्या बाबतीत होईल. माझा प्रश्न वेगळा आहे. नवं चिन्ह जुन्यासारखं नसावं, असा नियम आहेच. पण सारखं म्हणजे काय, हे ठरवतो कोण? दिल्लीतल्या टेबलावर, मोठ्या कागदावर, चष्मा लावून पाहिलं तर तुतारी वाजवणारा माणूस आणि पिपाणी यांत काही साम्य नाही. पण सत्तर वर्षांची म्हातारी आडोशाला उभी असते, उजेड कमी असतो, बाहेर रांग असते आणि तिच्या कानात शब्द असतो ‘तुतारी’. तिला साम्य दिसतं. चिन्ह डोळ्यांनी ओळखायचं असलं तरी ते गावात पोचतं कानांनी. म्हणून चित्राबरोबर त्याचं नावही वेगळं हवं, आणि तेही त्या त्या राज्याच्या बोलीत तपासून. यादी कायम करण्यापूर्वी ती चार गावांत, चार वस्त्यांत, वाचता न येणाऱ्या पन्नास माणसांना दाखवून पाहावी. खर्च फार नाही. सुकुमार सेनांनी याहून अवघड कामं केली होती.

कोणी म्हणेल, आता सगळे शिकले, चित्रांचा एवढा बाऊ कशाला? २०११ च्या जनगणनेत देशातली साक्षरता ७४ टक्के होती. म्हणजे चौघांतला एक तेव्हाही वाचू शकत नव्हता. आणि साक्षरांच्या आकड्यात सही करण्यापुरते अक्षर शिकलेलेही किती असतात, हे आपण घराघरांत पाहतो. या माणसाला शाळेने, कचेरीने, बँकेने आपापल्या खिडकीवर थांबवून ठेवलं. मतपत्रिका हा एकच सरकारी कागद असा आहे, की जो त्याला दुसऱ्याची मदत न घेता वाचता येतो. तो कागद त्याला फसवणार नाही, एवढी हमी देणं हे या सगळ्या नियमांचं काम.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आता बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेमागे एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. ती सात सेकंद थांबते आणि खाली पडते. या चिठ्ठीवरचं चिन्ह ज्या यंत्राने भरलं जातं, ती चिन्हभरणी यंत्रंही निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दिला. म्हणजे न्यायालयालाही त्या लहानशा चित्राची काळजी आहे. आपणही घ्यायला हवी. पुढच्या मतदानाला घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाल, तेव्हा कोणाला मत द्या हे सांगू नका. ते त्यांचं त्यांना कळतं. फक्त एवढं सांगा, की बटण दाबल्यावर लगेच वळू नका. काचेकडे बघा. सात सेकंद असतात. त्यात चित्र आपलंच आहे ना, ते पाहून घ्या.